नवें केव्हां घ्यावें ?

मनुष्याच्या मनांत दोन वृत्ति शेजारी शेजारी नांदत असतात. एक म्हणते, 'जें हातीं आहे तें सांभाळ'; दुसरी म्हणते, 'जें अद्याप हातीं आलें नाहीं, त्याकडे हात पुढें कर'. 'जुनें तें सोनें' असें म्हणणारे आपणच सणाच्या दिवशीं नवें वस्त्र नेसतों, आणि त्यांत कोणास विसंगति वाटत नाहीं. दोन्ही वृत्तींची गरज सर्वांस मान्य आहे; वाद निघतो तो प्रमाणाचा आणि वेळेचा. नवें घ्यावें हें खरें. पण तें केव्हां घ्यावें, किती घ्यावें, आणि कोणाच्या जोखमीवर घ्यावें? शाळेच्या संगणक-कक्षाची देखरेख कांहीं वर्षें आमच्याकडे असल्यामुळें हा प्रश्न आम्हांस ग्रंथांत शोधावा लागला नाहीं. तो आठवड्यांतून एकदां तरी आमच्या दाराशीं येऊन उभा राहतो.

२०२५ सालच्या पावसाळ्याच्या आरंभीं भरलेल्या पालकसभेंत एका सद्गृहस्थांनीं तो स्पष्ट शब्दांत विचारिला. "सर, आपल्या शाळेच्या संगणकांवर दोन वर्षांपूर्वींचे प्रोग्राम कां ? आमच्या घरीं मुलाच्या संगणकावर सर्व कांहीं ताजें असतें." प्रश्न रास्त होता, व त्यांत कोणतीहि खोंच नव्हती. सभेच्या गडबडींत जेवढें उत्तर देतां येतें तेवढें आम्हीं दिलें. परंतु अशा विषयाचें समाधान दोन वाक्यांत होत नाहीं. म्हणून वार्षिकाच्या संपादकांनीं दिलेल्या जागेचा लाभ घेऊन तो येथें सविस्तर मांडीत आहों.

आमच्या कक्षांतील यंत्रें डेबियन नांवाच्या व्यवस्थेवर चालतात. तिच्या मुळाशीं लिनक्स हा गाभा आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तो जगापुढें ठेविला. परंतु नुसत्या गाभ्यानें कोणाचें काम भागत नाहीं. लेखनाचा प्रोग्राम, चित्रांचा प्रोग्राम, छपाई, ध्वनि, अक्षरांचे टंक, हें सर्व गोळा करून, एकमेकांशीं जुळवून, एका पेटींत भरून वापरणाराच्या हातीं द्यावें लागतें. अशा पेटीस वितरण म्हणतात, व तींतील एकेका जिनसास पॅकेज. डेबियन हें अशा वितरणांतील जुन्यांपैकीं एक होय. इअन मर्डॉक या तरुणानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं त्याची स्थापना केली. डेब्रा हें त्याच्या मैत्रिणीचें नांव, इअन हें त्याचें स्वतःचें. या दोहोंच्या संधीनें 'डेबियन' हा शब्द सिद्ध झाला. कोणी एक कंपनी त्याची मालक नाहीं. जगभरचे स्वयंसेवक तें चालवितात. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं त्याची १३ क्रमांकाची आवृत्ति बाहेर पडली, तेव्हां तींत ६९,८३० पॅकेजें होतीं.

इतक्या जिनसांत रोज कशाची ना कशाची तरी नवी आवृत्ति निघत असते. ती जशी येईल तशी प्रत्येकाच्या यंत्रांत ओतली, तर आज चाललेलें काम उद्यां चालेल याचा भरंवसा कोणी द्यावा ? यासाठीं डेबियननें आपल्या कोठाराचीं निरनिराळीं दालनें केलीं आहेत. नवें पॅकेज प्रथम येतें तें 'अनस्टेबल' या दालनांत. जें तेथेंहि ठेवण्याची छाती होत नाहीं, त्यासाठीं 'एक्सपेरिमेंटल' म्हणून एक निराळा कोपरा राखलेला आहे. अनस्टेबलमध्यें निकडीप्रमाणें साधारणतः दोन, पांच किंवा दहा दिवस काढल्यावर, त्या अवधींत नवा गंभीर दोष उघडकीस आला नाहीं, आणि ज्या पॅकेजांवर तें विसंबून आहे तीं पुढें जाण्यास तयार असलीं, तर तें 'टेस्टिंग' या मधल्या दालनांत जातें. हें मधलें दालन २००० सालच्या अखेरीस उघडण्यांत आलें. सुमारें दोन वर्षांनीं टेस्टिंगचीं दारें नव्या मालास हळूहळू लावून घेतात. कांहीं महिने केवळ दोष निस्तरण्याचें काम चालतें. आणि इतक्या चाळणींतून जें उरतें त्यास 'स्टेबल', म्हणजे स्थिर, हें नांव मिळतें.

मुलांना गंमत वाटेल अशी एक गोष्ट येथें सांगण्यासारखी आहे. डेबियनच्या आवृत्त्यांचीं नांवें १९९५ सालीं निघालेल्या 'टॉय स्टोरी' या चित्रपटांतील व त्याच्या पुढील भागांतील पात्रांवरून ठेवितात. १२ क्रमांकाची आवृत्ति 'बुकवर्म', तर १३ क्रमांकाची 'ट्रिक्सी'. अनस्टेबलचें नांव मात्र कधींच बदलत नाहीं. तें सदैव 'सिड'. सिड हा त्या चित्रपटांतील शेजारचा मुलगा, खेळणीं मोडण्यांत पटाईत ! नांव ठेवणारांनीं वापरणारांस याहून स्पष्ट इशारा तो कोणता द्यावा ?

आतां 'स्थिर' या शब्दाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. पुष्कळांस वाटतें कीं, स्थिर म्हणजे निर्दोष. डेबियनला तो अर्थ अभिप्रेत नाहीं. स्थिर म्हणजे न बदलणारें. आज प्रोग्रामचें जें वर्तन आहे तेंच परीक्षेच्या दिवशींहि असेल, एवढेंच त्याचें वचन. या मुदतींत सुरक्षेची फट किंवा मोठा दोष सांपडला, तर साधारणपणें त्याच आवृत्तीला नेमकें ठिगळ लावतात. नव्या सोयी तींत भरीत नाहींत. अशी काळजी पहिलीं तीन वर्षें एक मंडळ घेतें, व पुढील दोन वर्षें दुसरें. म्हणजे आमच्या यंत्रांवरील प्रोग्राम दोन वर्षांपूर्वींचे असले, तरी ते वाऱ्यावर सोडलेले नसतात. त्यांची डागडुजी चालूच असते.

पण केवळ चाळणीवर भिस्त ठेवणाराहि कधीं कधीं फसतो. २००६ सालच्या सप्टेंबरांत ओपनएसएसएल या पॅकेजांत डेबियनच्याच एका फेरफारानें मोठा बिघाड शिरला. हें पॅकेज गुप्त किल्ल्या तयार करतें, आणि किल्ल्या कोणास ओळखतां येऊं नयेत इतक्या अगणित प्रकारच्या असाव्या लागतात. त्या फेरफारानें एकेका जातीच्या किल्ल्यांचे संभव केवळ ३२,७६८ वर आले. पॅकेज सर्व दालनें ओलांडून एप्रिल २००७ च्या स्थिर आवृत्तींत सुखरूप पोंचलें, आणि दोष जाहीर झाला तो १३ मे २००८ रोजीं. जगभर असंख्य किल्ल्या पुन्हा घडवाव्या लागल्या. कोठींत धान्य जुनें झालें म्हणून तें निवडलें गेलें असें होत नाहीं. निवडणारे डोळे लागतात. ही गोष्ट पुढें उपयोगी पडेल, म्हणून वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

आमच्या कक्षांतील अडचण कशी होती तें आतां सांगतों. इयत्ता नववींतील आमचा एक विद्यार्थी दृष्टिहीन आहे. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणारा ओर्का हा प्रोग्राम व इस्पीक-एनजी याचा मराठी आवाज, यांच्या साह्यानें तो आपले पाठ ऐकतो व लिहितो. त्याच्या दृष्टीनें संगणक म्हणजे पाठ झालेला कळांचा क्रम. मेनूंतील चौथें कलम पांचवें झालें, तर डोळसास अर्धा क्षण अडखळल्यासारखें होतें. त्याचा मात्र सबंध तास जातो. त्याची मागणी एकच : "सर, आहे तें बदलूं नका."

त्याच खोलींत दहावींतील एक विद्यार्थिनी याच वार्षिकाचीं चित्रें तयार करीत होती. तिचें काम गिंप या प्रोग्रामवर चालतें. आमच्या बुकवर्ममध्यें त्याची २.१० ही आवृत्ति होती. १६ मार्च २०२५ रोजीं गिंपची ३.० ही आवृत्ति प्रसिद्ध झाली, आणि तींत चित्रावर चढविलेला परिणाम मागाहून हवा तसा बदलण्याची, मूळ चित्रास धक्का न लावतां बदलण्याची, सोय आली. जुन्या आवृत्तींत छटा किंचित् गडद झाली कीं, सगळा खटाटोप पुन्हा करावा लागे. तिनें विचारिलें, "सर, हें आपल्याकडे केव्हां येणार ?" एकाची मागणी कीं कांहीं बदलूं नये, दुसरीची कीं लवकर बदलावें, दोघेंहि शहाणीं, आणि दोघांचेंहि कारण अभ्यासाचें. कोणास नाहीं म्हणावें ?

एका हौशी विद्यार्थ्यानें तोड सुचविली. कोठारांच्या यादींत टेस्टिंगची एक ओळ घालावी, आणि तेथून तेवढें एक पॅकेज उचलून आणावें. बाकीचें सर्व जुनेंच राहील. वरवर पाहतां ही युक्ति कोणासहि पटेल. पॅकेजें आणणारा जो ॲप्ट नांवाचा कारभारी आहे, त्यास प्रत्यक्ष कांहीं न बसवितां केवळ यादी दाखवावयास सांगतां येतें. आम्हीं त्या मुलाकडूनच ती यादी काढविली. एका चित्राच्या प्रोग्रामसाठीं मागोमाग इतकीं नांवें आलीं कीं, पडदा भरून यादी खालीं गेली; आणि त्यांत सी-लायब्ररीचें नांव होतें. यंत्रांतील जवळजवळ प्रत्येक प्रोग्राम या लायब्ररीवर उभा असतो. बुकवर्ममध्यें ती २.३६ होती, टेस्टिंगमध्यें २.४१. एका घरच्या नळासाठीं सबंध गांवची विहीर बदलण्यासारखा हा प्रकार झाला. शिवाय ही वाट एकमार्गी आहे. पुढें गेलेलीं पॅकेजें मागें आणण्याचा हुकूम कारभाऱ्यास देतां येतो. पण मागें आल्यावर सर्व सुरळीत चालेल असें वचन डेबियन देत नाहीं. निरनिराळ्या आवृत्त्यांचे अवयव शिवून उभ्या केलेल्या अशा यंत्रास डेबियनच्या मंडळींनीं नांवहि मार्मिक दिलें आहे : 'फ्रँकनडेबियन'. मेरी शेलीबाईंच्या १८१८ सालच्या कादंबरींतील त्या विद्रूप प्राण्याच्या कर्त्यावरून तें आलें आहे.

मग मधली वाट कोणती ? ती एक नसून अनेक आहेत, आणि प्रत्येकीची किंमत निराळी आहे. पहिली 'बॅकपोर्ट्स' ची. पुढल्या आवृत्तीसाठीं सिद्ध झालेलें पॅकेज घेऊन तें स्थिर आवृत्तीच्याच लायब्रऱ्यांवर नव्यानें बांधून देतात; त्यामुळें विहीर बदलावी लागत नाहीं. तथापि हवें तें प्रत्येक पॅकेज तेथें मिळतेंच असें नाहीं, व जें मिळतें त्यास स्थिराइतकी परीक्षा घडलेली नसते. दुसरी वाट पसंतीच्या गुणांची. ॲप्ट प्रत्येक कोठारास गुण देतो : साधारण कोठारास ५००, बॅकपोर्ट्सला १००, आणि एक्सपेरिमेंटलला केवळ १. त्यामुळें प्रायोगिक वस्तु न मागतां आपोआप घरांत शिरत नाहीं. मागणाऱ्यानें नांव घेऊन मागावी लागते. हे गुण आपणांसहि बदलतां येतात, परंतु गुण बदलल्यानें वर सांगितलेलें परस्परावलंबन कांहीं नाहींसें होत नाहीं. तिसरी वाट फ्लॅटपॅकची. यांत प्रोग्राम आपल्या लागणाऱ्या लायब्रऱ्या आपल्याबरोबरच घेऊन येतो व निराळ्या ओसरीवर राहतो. जागा अधिक अडते, आणि विश्वास ठेवण्याचें व लक्ष ठेवण्याचें आणखी एक ठिकाण वाढतें.

या वाटांतून निवड करितांना आम्हीं स्वतःस एकच प्रश्न विचारिला : हें मोडलें, तर कोणाचें मोडेल ? नव्याचा लाभ एकास आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्यास, असें होत असेल तर तें नवें सर्वांच्या खोलींत आणूं नये. लाभहि आपला व भुर्दंडहि आपलाच असेल, तर खुशाल आणावें. या कसोटीनें निकाल आपोआप लागला. कक्षांतील सर्व यंत्रें बुकवर्मवरच राहिलीं. चित्रें काढणाऱ्या विद्यार्थिनीस एका कडेच्या यंत्रावर गिंपच्या कर्त्यांनीं स्वतः दिलेली फ्लॅटपॅक आवृत्ति बसवून दिली. आणि ज्यांना नव्याची अनावर हौस, अशा मंडळींसाठीं अडगळींतून काढलेल्या एका जुन्या यंत्रावर साक्षात् सिड बसविला. त्या बाकावर कोणाचा गृहपाठ ठेवावयाचा नाहीं, असा नियम केला. आणि जें मोडेल तें वहींत लिहावें, असा दुसरा.

असा बाक म्हणजे केवळ मुलांची करमणूक, असें कोणी समजूं नये. २०२४ सालच्या मार्च महिन्यांत जें घडलें तें यावर उत्तम भाष्य आहे. एक्सझेड हें दाटून साठवण करणारें एक लहानसें पॅकेज. कोणी अज्ञात इसमानें दोन वर्षांहून अधिक काळ त्याच्या कामांत साह्य करून विश्वास संपादिला, आणि मग ५.६.० व ५.६.१ या आवृत्तींत एक चोरदरवाजा लपवून ठेविला. त्या आवृत्ति सिडमध्यें आल्या, टेस्टिंगमध्येंहि पोंचल्या. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते सिडवर काम करीत होते. दूरच्या यंत्रांत प्रवेश करण्यास नेहमींपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, हें त्यांच्या नजरेस आलें. अर्धा सेकंद ! दुसरा कोणी असता तर त्यानें दुर्लक्ष केलें असतें. त्यांनीं माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजीं सर्व प्रकार उजेडांत आणला. स्थिर बुकवर्ममध्यें जुनी ५.४.१ होती, तिला या विषाचा स्पर्शहि झाला नव्हता.

या गोष्टीचा एक अर्थ सोपा आहे : जे थांबले ते वांचले. परंतु ओपनएसएसएलची गोष्ट स्मरणांत ठेवून पाहिलें, तर दुसरा अर्थहि दिसतो. तेथें पॅकेज वीस महिने कोठारांत होतें व कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. येथें तें कांहीं आठवड्यांत पकडलें गेलें, कारण सिडच्या बाकावर एक सावध मनुष्य बसला होता. सर्वच जण स्थिर आवृत्तीच्या सावलींत बसून राहिले असते, तर तोच चोरदरवाजा सावकाश चालत पुढल्या स्थिर आवृत्तींत आला असता. स्थिराची शांति ही प्रयोग करणाराच्या जागरणावर उभी आहे. म्हणून जो थांबतो त्यानें जो पुढें जातो त्यास उतावळा म्हणून हंसूं नये, आणि जो पुढें जातो त्यानें थांबणारास मागासलेला म्हणूं नये.

आमच्या लहानशा बाकाचाहि असाच उपयोग झाला. वार्षिकांतील चित्रें एका मापाचीं करून त्यांस चौकट घालणारी एक छोटी आज्ञावली माजी विद्यार्थ्यांनीं गिंप २.१० साठीं लिहून ठेविली होती. सिडच्या बाकावर बसणाऱ्या मुलांनीं जुलै महिन्यांतच वहींत नोंद केली कीं, ३.० वर ती चालत नाहीं. नव्या गिंपनें आज्ञांचे प्रकार बदलले आहेत. त्यामुळें ती दुरुस्त करण्यास मुलांना पुरेसा अवधि मिळाला. ऑगस्टमध्यें ट्रिक्सी आली, आणि तींत गिंप ३.० रीतसर होतें. तरीहि आम्हीं सहामाही परीक्षा होईपर्यंत कक्षांतील यंत्रांस हात लावला नाहीं. दरम्यान दुसऱ्या एका यंत्रावर ट्रिक्सी बसवून त्यापुढें आमच्या त्या दृष्टिहीन विद्यार्थ्यास बसविलें. बदलाचा भार ज्याच्यावर सर्वांत अधिक पडणार, परीक्षक तोच असावा, हें न्यायाचें वाटलें. आठ दिवस त्यानें रोज तासभर कळा दाबून, आवाज ऐकून, काय बदललें त्याची टिपणें केलीं, व सवडीनें नव्या गोष्टी पाठ केल्या. नवव्या दिवशीं तो म्हणाला, "सर, आतां बदललें तरी चालेल." दिवाळीच्या सुटींत सबंध कक्षावर ट्रिक्सी बसली. सुटीनंतरच्या पहिल्याच तासाला त्यानें आपला निबंध वेळेंत पुरा केला. आणि प्रस्तुत अंकांतील चित्रें नव्या गिंपवर पुरीं झालीं, हें वाचक पाहतच आहेत.

तेव्हां सभेंतील त्या सद्गृहस्थांस आमचें उत्तर असें आहे. आपल्या चिरंजीवांच्या संगणकावर सर्व ताजें असतें, हें चांगलेंच आहे. तो त्याचा एकट्याचा आहे, व मोडला तर त्याचाच मोडेल. शाळेची खोली पुष्कळांची आहे. तिच्यांत नवें येतें, पण ज्यांना त्याची झळ लागणार त्यांस विचारून येतें, म्हणून थोडें उशीरां येतें.

आणि विद्यार्थ्यांस एवढेंच सांगणें आहे कीं, तुम्ही पुढें जेथें जाल, कचेरींत, कारखान्यांत, दवाखान्यांत कीं शेतांत, तेथें नवें आणि जुनें यांचा हा हिशेब तुम्हांसच करावा लागेल. शेतकरी नवें बियाणें प्रथम एका वाफ्यांत पेरतो, सबंध रानांत पेरीत नाहीं. आणि तो वाफा पेरल्यावांचूनहि राहत नाहीं. तुमच्यापैकीं ज्यांना असा वाफा पेरून पाहण्याची हौस असेल, त्यांच्यासाठीं सिडचा बाक शनिवारीं दुपारीं मोकळा असतो. येतांना वही आणावी.